बंद घरापुढचा सडा

माळसावंगी, ता. गंगाखेड
२१ नोव्हेंबर

राजेश्री,

वर आशीर्वाद लिहावा का नाही, या विचारात बराच वेळ नुसतं पेन धरून बसले. मोठ्या बहिणीनं लिहायचा असतो म्हणून लिहिते. अनेक आशीर्वाद. घ्यायचा का नाही ते तुझं तू बघ.

तुझा फोन मला लागत नाही. आधी वाटलं, कारखान्याकडं रेंज नसेल. मग तुझ्या शेजारच्या सुलाबाईच्या फोनवरून लावला तर पहिल्याच घंटीला उचललास आणि माझा आवाज ऐकताच ठेवून दिलास. म्हणजे रेंज आहे. फक्त माझ्यासाठी नाही. म्हणून हे पत्र. मुंजाजी मुकादम टोळीचा किराणा भरायला गावात आलेत, उद्या परत निघतील. त्यांच्या हाती देते. वाटेत त्यांनी उघडून वाचलं तरी माझी हरकत नाही, गावाला ठाऊक नाही असं यात काहीच नाही.

टोळ्या ऊसतोडीला गेल्या आणि गाव ओस पडलं. तू दरवर्षी ट्रॉलीत पुढं तोंड करून बसतेस. मागं काय उरतं ते बघायचं काम माझ्याकडं. दिवाळी झाली की माझ्या ओसरीवर रीघ लागते, तशी यंदाही लागली. घराला कुलूप लावायचं, किल्ली पोलीस पाटलाकडं, म्हणजे आता माझ्याकडं, द्यायची आणि मग ट्रॉलीत बसायचं, ही रीत माझ्याही आधीपासूनची. प्रत्येकीनं आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी किल्लीला बांधलेली. भिंतीवरची खिळ्यांची रांग रंगीबेरंगी दिसते. तुझा खिळा तेवढा मोकळा आहे.

तू किल्ली सुलाबाईला दिलीस. दिलीस तर दिलीस. पण माझ्या ओसरीपुढून जाताना इकडं बघितलंही नाहीस. तुझ्या आदिनाथनं बघितलं. त्यानं मान हलवल्यासारखं वाटलं, पण ट्रॉली हलली असेल. तो खिळा मी काढलेला नाही. काढला तर भिंतीला भोक पडतं, म्हणून.

आता तो विषय एकदाच लिहिते आणि बाजूला ठेवते. विहिरींवरच्या मोटारींच्या केबली कापून विकणाऱ्या तिघांची नावं मला ठाण्यात विचारली आणि मी तिन्ही सांगितली. तिसरं आपल्या आदिनाथचं होतं. ते गाळलं असतं तर कुणालाच कळलं नसतं, असं तू पारापुढं सगळ्यांदेखत म्हणालीस आणि ते खरं आहे. पण बाकीच्या दोघांनाही आया आहेत. त्यांच्या दारावरून मी रोज कोणत्या तोंडानं गेले असते? मला मूलबाळ नाही म्हणून मला कळत नाही, हेही तू म्हणालीस. आदिनाथ पोलीस भरतीचा अभ्यास माझ्या घरी करायचा, पहाटे पळायला त्याला मीच उठवायचे. गुन्हा दाखल झाला आणि त्याची भरती गेली. आता तो तुझ्याबरोबर कोयता धरतोय. माझं चुकलं असं मी लिहिणार नाही. वाईट वाटतं ते लिहिते. फार वाईट वाटतं, राजेश्री.

इकडं आपल्या बीटला नवे जमादार आलेत, पंडित म्हणून. माणूस बरा आहे, चहा मागून घेतो. त्यांनी ग्राम सुरक्षा दलाची बैठक बोलावली. दलातली सगळी तरुण पोरं उसाला गेलेली. जमादारांनी इकडंतिकडं बघून विचारलं की दल कधी येणार. रंगनाथ आबा काठी आपटत म्हणाले, “हेच हाय साहेब. तुमच्याम्होरं बसलंय.” म्हणजे ते स्वतः, सरजाबाई, कंबर धरून सुलाबाई आणि आमच्यासारख्या आणखी चारदोन.

जमादार सांगत होते की पलीकडच्या गावात बंद घरं फुटली, तांब्यापितळेची भांडी गेली. चोर आधी कुलूप बघत नाही, अंगण बघतो. कोरडं अंगण आणि दारात पाचोळा दिसला की समजायचं, घरात माणूस नाही. सरजाबाईला हल्ली अर्धंच ऐकू येतं. तिला सगळं मोठ्यानं पुन्हा सांगावं लागलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मंग आमी टाकतो की सडा. त्याला का लायसन लागतंय?”

तेच ठरलं. जिच्या शेजारी जी बंद घरं, त्यांचं सडासारवण, रांगोळी तिनं करायची. दोरीवर दोन कपडे वाळत टाकायचे. दारावरचा दिवा लावायचा. तुझ्या घराची पाळी आली तेव्हा सुलाबाई म्हणाली, माझ्या कंबरेनं होणार नाही. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हणाले, मी करते.

तुझं घर वाड्यांच्या पार टोकाला, ओढ्याकडं. तिथं जाऊन यायला वेळ लागतो, म्हणून माझ्या दारचा सडा सरजाबाई टाकणार. आमची भिंत एकच आहे. किल्ली दिली नाहीस, पण अंगणाला कुलूप नसतं.

आक्का


१९ डिसेंबर

राजेश्री,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. मीही ते येईल असं धरलं नव्हतं. मुकादम म्हणाले, दिलं. वाचलं का विचारलं तर म्हणाले, “कमरंला खोसलं. मंग म्या कशाला बघू?” कमरेला खोचलंस म्हणजे चुलीत घातलं नाहीस. तेवढं पुरे.

सड्याची मात्र गंमत झालीय. गाव इतकं नांदतं दिसायला लागलंय की बोहारीण आली ती बंद दारांपुढं उभी राहून ओरडून दमली. पाहुण्यांकडचं एक माणूस लग्नाच्या पत्रिका वाटायला आलं. ते रंगनाथ आबांना म्हणालं, तुमच्या गावात रांगोळ्या लय सुबक, पण माणसं फार माजोरी, कुणी दारच उघडत नाही.

तुझ्या दोरीवर काय वाळत घालावं हा प्रश्न होता. तुझे कपडे आत, किल्ली सुलाबाईच्या कनवटीला. मागितली असती तर तिनं दिली असती, पण मी मागितली नाही. मग आईनं आपल्या दोघींना एकसारखी घेतलेली हिरव्या काठाची लुगडी आठवली. माझं ट्रंकेत घडीवर होतं. ते काढलं आणि तुझ्या दोरीवर टाकलं. सकाळी सुलाबाई परसातून आली, लुगडं बघितलं आणि तुझ्या नावानं हाका मारत सुटली. पोरगी आली म्हणून तिला इतका आनंद झाला की मी आहे हे कळल्यावर तिचा चेहरा बघवेना. मी तशीच परत आले. लुगडं मात्र रोज टाकते. लांबून बघितलं की मलाही वाटतं, तू आत आहेस. चहा ठेवला असशील.

आता खरी बातमी. परवा दुपारी मोटारसायकलवर दोघे आले. भांडी चकचकीत करून देतो म्हणत होते. हातात पावडरीची पुडी होती, नजर मात्र भांड्यांवर नव्हती, दारांवर होती. मी गावाचा तो खबरीचा नंबर लावला. तुला माहीत आहे, गेल्या वर्षी सगळ्यांचे फोन त्यात नोंदवले होते. एकानं त्यावर बोललं की एकाच वेळी सगळ्यांचे फोन वाजतात आणि ज्याला त्याला बोलणाऱ्याचाच आवाज ऐकू येतो. मी सांगितलं, दोन अनोळखी इसम, काळी मोटारसायकल, मारुतीच्या पाराकडं निघालेत, सगळ्यांनी बाहेर या. गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या लाटणी, खराटे घेऊन पारावर आल्या. सरजाबाईला फोन ऐकूच गेला नव्हता, ती सगळ्या पळतायत म्हणून पळाली आणि सगळ्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली. त्या दोघांनी गाडी वळवली ती थेट डांबरीकडं. नंबर आबांनी बघितला, जमादारांना कळवला. पुढं म्हणे त्यांना दुसऱ्या हद्दीत धरलं.

फोन ठेवल्यावर माझ्या ध्यानात आलं की त्यात तुझाही नंबर आहे. माझा नंबर तू बंद केलास, पण ही खबर दुसऱ्याच नंबरावरून जाते. म्हणजे फडात तुझाही फोन वाजला असणार आणि माझा आवाज तुझ्या कानात गेला असणार.

बरं, ते ध्यानात फोन ठेवल्यावर आलं नाही. बोलतानाच आलं होतं. म्हणून शेवटी मी जरा जास्तीचं बोलले. थंडी वाढलीय, बाहेरगावी असणाऱ्यांनी पहाटे कानाला बांधून घ्यावं, असं म्हणाले. आबांनी नंतर विचारलंच, चोराची खबर देता देता थंडी कुठून काढली म्हणून. मी म्हणाले, जनजागृती.

तुझे कान लहानपणापासून नाजूक आहेत. बांधतेस ना?

आक्का


१६ जानेवारी

राजेश्री,

संक्रांत झाली. मी हळदीकुंकवाची नाही, दरवर्षी तूच तेवढी सगळ्यांचं उरकून माझ्याकडं यायचीस, आणि मग आपण दोघी चुलीपुढं बसून उरलेला तिळगूळ संपवायचो. उसाला असलीस तर फोनवर “गोड बोल” म्हणायचीस आणि लगेच भांडायचीस. यंदा ते नाही. मी सवयीनं दोघींपुरता केला. तुझ्या वाट्याचा तुझ्या उंबऱ्यावर ठेवून आले. दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी रांग धरली होती. त्या तरी आल्या.

सरजाबाईवर मला रागवावं लागलं. तिची शेळी सापडेना, तर तिनं खबरीच्या नंबरावर सगळ्या गावाला शेळीचं वर्णन ऐकवलं, अगदी तिच्या स्वभावासकट. तुलाही ऐकू आलं असेल. शेळी तिच्याच न्हाणीत होती. मी बैठक घेऊन सगळ्यांना बजावलं, हा नंबर चोर, आग, पूर आणि जनावराचा हल्ला यासाठीच. जनावर म्हणजे बिबट्या, शेळी नव्हे. खोटी खबर एकदा दिली की खऱ्या खबरीला कुणी उठत नाही. आबा पुटपुटले, “आन थंडी?” मी ऐकलं नाही असं दाखवलं.

एक विचारू का? सुलाबाई दुपारी फोनवर कुणाशी बोलते? मी गेले की एकदम गप्प होते आणि “बरं बरं” करून ठेवते. तिचा लेक तर सेलूला जिनिंगवर, तो रात्रीच फोन करतो. मला पोलिसी सवय, म्हणून विचारलं. नाहीतर मला काय करायचंय.

गावात बोलायला माणसं आहेत, नाही असं नाही. सगळी मला पाटीलबाई म्हणतात. येतात, तक्रार सांगतात, चहा घेतात, जातात. आक्का म्हणणारी तू एकटी होतीस. आदिनाथ मावशी म्हणायचा. आता दिवसभरात ही दोन्ही नावं कानावर पडत नाहीत आणि संध्याकाळी मला उगाच वाटतं की मी कुठं बाहेरगावी आलेय.

थंडी अजून आहे.

आक्का


५ फेब्रुवारी

राजेश्री,

अक्षर वाकडं आलंय, कारण आडवी पडून लिहितेय. काळजी करू नकोस. पायाला जरा लागलंय. किरकोळ आहे.

तू काळजी करतेस असं मी धरून चालले, ती सवय. असो. परभणीला दवाखान्यात आहे. डॉक्टर मुलगी वयानं लहान पण हात चांगला आहे. मांडीत रॉड घातलाय म्हणतात. मला दिसत नाही, म्हणून मी त्याचा विचार करत नाही.

झालं असं. किल्ल्यांना गंज चढू नये म्हणून अधूनमधून तेलाचं बोट लावते. खिळे उंच आहेत, म्हणून स्टुलावर चढले होते. दिवस उजाडायचा होता, तुझ्या अंगणाकडं निघायच्या आधी एवढं उरकू म्हटलं. सगळ्या किल्ल्या झाल्या. मग तुझ्या मोकळ्या खिळ्यालाही बोट लावायला गेले. का गेले, विचारू नकोस. स्टूल सरकलं.

पडल्यावर कळलं की पाय आपला राहिला नाही. फोन फडताळावर चार्जिंगला. दार आतून कडी घालून बंद, कारण गावाच्या किल्ल्या घरात, जमादारांनी मला सक्त सांगितलेलं. तेवढ्यात बाहेर सरजाबाई आली. बादली ठेवल्याचा आवाज आला. मी हाक मारली. तिनं सडा टाकायला सुरुवात केली. मी ओरडले, राजेश्री, घसा फुटेस्तोवर ओरडले. पाण्याचा सपकारा दारापर्यंत आला, उंबऱ्याखालून ओल आत आली आणि माझ्या पदराला लागली. तिनं रांगोळी काढली, दार बंद बघून समजली की मी तुझ्याकडं गेलेय, आणि गेली. तिचा दोष नाही. तिला ऐकू येत नाही, आणि मी रोज तुझ्याकडं जातेच.

मग रंगनाथ आबा खोकत गेले. तोवर माझा आवाज बसला होता. कुणाला तरी सांगत होते, पाटीलबाई आज लवकर उठल्या दिसतात, अंगण झालंय, दिवा लागलाय. दिवसभर माझ्या दारावरून अख्खं गाव गेलं. ओला सडा, रांगोळी, दोरीवर कपडे. चोरांना फसवायला मी जे जे शिकवलं होतं, त्यानं माझं गाव बरोबर फसलं. पडल्या पडल्या मला थोडं हसूही आलं. मग नाही आलं. मग फक्त तहान लागली. या घरात मी नसले तरी अंगण असंच दिसेल, हे तिथं पडून कळलं, आणि त्याची मला पायापेक्षा जास्त भीती वाटली.

दुपारी एकदम माझा फोन वाजला. त्याच वेळी सरजाबाईच्या घरातला, पलीकडचा, गल्लीतला प्रत्येक फोन वाजायला लागला. म्हटलं, खबर आली, चोर शिरले आणि मी इथं आडवी. काय खबर ते कळेना, फोन वर वाजत राहिला. मग पावलं आली, माझ्या नावाचा गलबला झाला, आबांनी पहारीनं दार बिजागरीतून काढलं. जमादारांची जीप येईस्तोवर सुलाबाई माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

खबर कुणी दिली विचारलं तर सगळे म्हणतात, सुलाबाईनं. तुला कसं कळलं गं, म्हणून तिला विचारलं तर म्हणते, “आसंच वाटलं मला.” सुलाबाईला असंच काही वाटत नाही, तिला आधी कुणीतरी सांगावं लागतं. मी पुन्हा विचारलं की सगळे एकमेकांकडं बघतात आणि विषय पोळीभाजीवर नेतात. इतकी वर्षं पोलीस पाटील आहे, गावानं एकमतानं माझ्यापासून काही लपवलंय असं पहिल्यांदाच बघतेय.

तुझं अंगण त्या दिवशी राहिलं. तेवढं मनाला लागलंय.

आक्का


२७ फेब्रुवारी

राजेश्री,

घरी आलेय. वॉकर धरून न्हाणीपर्यंत जाते. सरजाबाई आता दोन्ही अंगणं करते आणि रोज दार वाजवून मी जिवंत आहे का बघते. इतकं वाजवते की झोपलेलं माणूस दचकून मरेल.

काल पंडित जमादार आले. खबरीच्या नंबरावरून जी खबर जाते तिची नोंद ठेवावी लागते. कुणी दिली, कशासाठी दिली. त्यांनी वही उघडली आणि मलाच विचारलं, “पाटीलबाई, राजेश्री महारुद्र तुमच्या कोण?”

मी म्हणाले, बहीण. मग ते वाचत गेले. त्यांना गावानं काही सांगितलेलं नव्हतं, तेही त्याच खबरीत जोडलेले आहेत, त्यांनी स्वतः ऐकलं होतं. आणि नोंद करायची तर त्यांना गप्प बसून कसं चालेल. तू काय म्हणालीस ते त्यांनी जसंच्या तसं सांगितलं.

“आक्काच्या घरात शिरून बघा. माझं अंगण आज कोरडं हाय म्हणतेत. ती धडधाकट असंल तर माझं अंगण कोरडं ठेवायची न्हाई. दार फोडा, पण बघा. आन तिला सांगू नका म्या फोन केला म्हणून.”

जमादार गेल्यावर मी सुलाबाईला बोलावलं. आधी तिनं कंबर दुखते सांगितलं, मग पदर तोंडाला लावून सगळं सांगितलं. तू फडातून भाकरीच्या वेळी रोज तिला फोन करतेस. पहिल्या दिवसापासून. आणि पहिला प्रश्न तुझा हाच, “झालं का अंगण?” ती हो म्हणाली की दुसरं बोलायचं. माझं नाव तू एकदाही काढलं नाहीस म्हणे. त्या दिवशी ती म्हणाली, आज नाही गं झालं, पाटीलबाई विसरली असंल. आणि तू फोन ठेवलास.

सगळं गाव माझं अंगण बघून फसलं, आणि तू इतक्या लांबून तुझं अंगण न बघता ओळखलंस. मी रडले, राजेश्री. सुलाबाईपुढं रडले. ती उद्या सांगेलच तुला, म्हणून मीच आधी सांगते.

एक राहिलं. जमादारांच्या फोनमध्ये येणारं सगळं बोलणं आपोआप साठतं. ते म्हणाले, ऐकायचंय का, लावतो. सगळ्या गावानं तुझा आवाज ऐकला, मुकादमानं ऐकला, आदिनाथनं तुझ्या शेजारी कोयता धरून ऐकला असेल. ज्या घरासाठी बोललीस त्या घरात फोन फडताळावर वाजत राहिला. मला ऐकायचं होतं. हात पुढं झालाही होता. पण मी नको म्हणाले. तुझा आवाज मला नोंदीच्या कामात ऐकायचा नाही. तुला ऐकवायचा असेल तेव्हा ऐकेन.

त्यांनी मग विचारलं की कारणाच्या जागी काय लिहू, चोरी, आग, का काय. यातलं काहीच नव्हतं, आणि नियम मीच गावाला पाठ करून दिलेला. मी म्हणाले, लिहा, माणूस पडलं होतं.

आक्का


१२ मार्च

राजेश्री,

हे शेवटचं पत्र मुकादमांच्या हाती जाईल. ते म्हणतात फड उरकत आलाय, पुढच्या खेपेला तुम्ही सगळेच याल.

आदिनाथच्या खटल्याची तारीख उन्हाळ्यात आहे. मला बोलावलं तर जाईन आणि विचारतील ते खरं सांगेन. तू येतानाच हे माहीत असावं म्हणून लिहिते. त्यासाठी माझ्यावर राग धरायचा तर धर. पण भाकरीच्या वेळी अंगण विचारणं सोडू नकोस. दोन्ही एकाच वेळी करता येतं, हे तू सगळा हिवाळा दाखवलंस. आदिनाथला सांग, पहाटे पळणं सोडू नको म्हणावं, भरती नसली तरी. त्याला उठवायला आता मला चालता येत नाही, पण इथून हाक मारता येते.

तुझा खिळा तसाच आहे. किल्ली मागत नाही. ती सुलाबाईकडं बरी आहे.

एक गोष्ट मात्र सांगते, कारण ती दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी नाही. रोज सकाळी सरजाबाई बादली घेऊन तुझ्या घराकडं निघते तेव्हा माझ्या मनात येतं, तिला म्हणावं, आज राजेश्रीचं अंगण राहू दे. एकच दिवस. दुपारी सुलाबाई तुला सांगेल की कोरडं आहे. मग सगळ्या गावाचे फोन वाजतील, आणि या वेळी माझा फोन मी उशाशी घेऊन बसलेली असेन.

आजही ओठावर आलं होतं. पण खोटी खबर द्यायची नाही, हे मीच सगळ्यांना बजावलंय. म्हणून सरजाबाईला म्हटलं, जा, पाणी जरा जास्त घे, ऊन वाढलंय.

ती आत्ताच परत आली. तुझं अंगण झालंय.

आक्का